सिसिलीतली रोमन फरशी बघायला जाताना

ठाण्यात गच्च्यांवर तुटक्या लाद्यांचा चायना मोझॅक बसवण्यात माझी उमेदीची सारी वर्षं गेली. म्हणून लेकीने सिसिलीला नेलं तेव्हा मी एकच हट्ट धरला: पियाझ्झा आर्मेरिना गावाजवळचा व्हिला रोमाना देल कासाले. चौथ्या शतकातला वाडा, सुमारे ३५०० चौरस मीटर मोझॅक, म्हणजे दगडाचे तुकडे जुळवून केलेली चित्रांची फरशी. १२व्या शतकात दरडीच्या चिखलाखाली गेला, म्हणूनच वाचला.

कातानियाला उतरून भाड्याची गाडी घ्या आणि वाड्याचं दार उघडता उघडता पोहोचा. उन्हाळ्यात दुपारी छपराखाली फार उकडतं. फरशीवर पाय ठेवता येत नाही, वरच्या पुलांवरून बघायचं, तेव्हा दुर्बीण न्याच. व्यायाम करणाऱ्या मुलींचं चित्र असलेल्या खोलीत गर्दी असते, तिथे फार थांबू नका. वेळ द्या तो मोठ्या शिकारीचं चित्र असलेल्या ६० मीटरहून लांब ओसरीला. जहाजावर चढवला जाणारा हत्ती शोधा. दुर्बिणीतून बघा, नखाएवढे दगड अंगाच्या वळणाबरोबर कसे वळत गेलेत! आम्ही तुटक्या लाद्या बसतील तशा बसवतो. इथे एकेक तुकडा घडवलाय. शेवटच्या टोकाला हस्तिदंत धरलेली बाई आहे, शेजारी हत्ती आणि वाघ. अनेक अभ्यासक तिला भारत मानतात. मी तिच्यापुढे हात जोडले.