डेब पॅकेजमधल्या (डेबियन-उबुंटूवर प्रोग्रॅम बसवण्याची फाइल) फाइलींची मालकी दुरुस्त करणारी स्क्रिप्ट चालवण्याआधी

मूळ पॅकेजची प्रत, डिस्कवर जागा, हे सांगायला नको.

पहिलं काम यादीचं. डीपीकेजी-डेब या पॅकेज उघडण्या-बांधण्याच्या कमांडच्या एफसिस-टारफाइल पर्यायाने आतला टार (फाइलींचा गठ्ठा) काढा, त्याची यादी टार कमांडला न्युमेरिक-ओनर पर्याय लावून वाचा आणि फाइलीत साठवा. आकडेच हवेत. टारमध्ये मालकाचं नाव आणि आकडा दोन्ही असतात. नाव दुसऱ्या मशीनवर सापडलं नाही की आकडा लागू होतो. बिल्ड मशीनवरचा यूआयडी (यूजरचा आकडा) 1000 तिथे भलत्याच माणसाचा असतो, आणि यूएसआर-बिनमधली फाइल त्याच्या नावावर गेली की रूट (सर्वाधिकारी यूजर) जे चालवतो ते तो बदलू शकतो.

त्याच यादीतून परवानग्यांच्या रकान्यात एस असलेल्या ओळी वेगळ्या काढून ठेवा. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं. सीएचओन (मालक बदलणारी कमांड) चालवला की लिनक्स कर्नल एक्झिक्युटेबल फाइलीवरचे सेटयूआयडी आणि सेटजीआयडी बिट, म्हणजे यादीतला तो एस, पुसतो; या बिटांमुळे प्रोग्रॅम फाइलीच्या मालकाच्या किंवा ग्रुपच्या अधिकाराने चालतो; रूटने चालवला तरी, आणि चकार शब्द काढत नाही. 4755 ची (पहिला 4 म्हणजे सेटयूआयडी) गुपचूप 0755 होते. पॅकेज बनतं, बसतंही. साध्या यूजरने तो प्रोग्रॅम चालवला की मग परवानगी नाही म्हणून अडतं. तेव्हा स्क्रिप्टमध्ये आधी सीएचओन, मग त्या ओळींप्रमाणे सीएचमॉड (परवानग्या बदलणारी कमांड). उलट क्रम लावाल तर बिट पुन्हा जातील.

सरसकट सगळं रूटच्या नावावर करायचा मोह आवरा. डीपीकेजी 1.19.0 पासून रूट-ओनर-ग्रुप हा पर्याय आहे, सोपा आहे, बहुतेक पॅकेजांना पुरतोही. पण डेबियनमध्ये गेम्स ग्रुपच्या (जीआयडी म्हणजे ग्रुपचा आकडा, 60) 2755 परवानगीच्या, म्हणजे सेटजीआयडी असलेल्या, फाइली असतात. त्या रूट ग्रुपच्या केल्यात तर सेटजीआयडी रूट होऊन बसतं, म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली नवं भगदाड. एसच्या ओळींत ग्रुपचा आकडाही पाहा म्हणतो तो यासाठी.

सर्व्हिसच्या यूजरची फोल्डरं बहुधा पोस्टइन्स्ट (पॅकेज बसल्यावर चालणारी) स्क्रिप्ट त्याच्या नावावर करते, कारण तो यूजर इन्स्टॉलच्या वेळी तयार होतो. ती स्क्रिप्ट वाचा. 998 सारखे आकडे आर्काइव्हमध्ये कोंबू नका.

फेकरूट (रूट असल्याचं सोंग करणारं साधन) वापरत असाल तर उघडणं, सीएचओन, सीएचमॉड आणि पुन्हा बांधणं एकाच सत्रात. सत्र संपलं की बदललेली मालकी तो विसरतो. फाइंडने एकेक फाइल सीएचओनला देत असाल तर डॅश-एच हवंच. नाहीतर सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) सोडून ती जिथे बोट दाखवते ती फाइल बदलते, आणि ती तुमच्या चालू सिस्टिमवरची असू शकते.

बांधताना कॉम्प्रेशन एक्सझेड सांगा. उबुंटू 21.10 पासून आपणहून झेडस्टँडर्ड लावतो, ते जुन्या डेबियनला उघडत नाही. आवृत्तीचा आकडा वाढवा, नाहीतर आधी बसवलेल्या मशीनवर अपग्रेड पोचणारच नाही. आतली एमडी5 यादी तशीच राहू द्या, मजकूर बदललेला नाही. रिपॉझिटरीची पॅकेजेस आणि रिलीज फाइल नव्याने बनवून सही करा, नाहीतर हॅश जुळत नाही म्हणून एपीटी (पॅकेज उतरवून बसवणारा प्रोग्रॅम) ओरडेल.

शेवटी नव्या पॅकेजची यादी काढून जुनीशी डिफने ताडून पाहा. फरक फक्त मालकीच्या रकान्यात दिसायला हवा. एसच्या ओळी मोजा: जुन्यात 3 तर नव्यात 3.