चेनसॉ एका बाजूला ओढत होती, त्यावरचा उपाय

पावसात आडवा झालेला फणस कापताना आमची चेनसॉ सारखी उजवीकडे ओढत होती. चीर वाकडी, आणि पडणारा भुसा पिठासारखा बारीक. धारेची चेन जाडसर कीस फेकते. अशा वेळी मशीन दाबून कापू नका! जोर लावताना बारचं, म्हणजे चेन ज्या लांब पात्याभोवती फिरते त्याचं, टोक कुठे टेकलं तर मशीन थेट तोंडाकडे उसळतं.

मशीन बंद केलं, स्पार्क प्लगची टोपी काढली, हातमोजे घालून चेन फिरवून पाहिली. डावीकडचे दाते उजवीकडच्यांपेक्षा आखूड होते. ओढ त्यामुळेच.

.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. सगळ्यात आखूड दाता माप धरून बाकीचे तेवढेच आणले. ३० अंशांत, आतून बाहेर घासत, परतताना कानस उचलून. दात्यापुढचा बुटका उंचवटा दात्याच्या धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा, तो मापाची पट्टी लावून तपासला. तो जास्त घासला की चेन लाकडात खोल चावते आणि जबर झटके देते, म्हणून इथे हात आवरता घ्यावा. बारही उलटा बसवला, झीज एकाच कडेला नको.

आता चीर सरळ उतरते, दाब द्यावा लागत नाही. उभं झाड पाडायला मात्र मी जाणता माणूसच बोलावतो.