म्युझिक प्लेअर घेताय? कंपनी उद्या बंद पडणार असं धरूनच घ्या

गेल्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला, मामा अभ्यासाला बसल्यावर गाणी लावायला म्हणून फोन हातात घेतो आणि तासभर कुठे जातो कळत नाही, तर नुसती गाणी वाजवणारं एखादं डबडं सांग ना. त्याला उत्तर टाइप करायला बसलो आणि ते लांबतच गेलं, मग म्हटलं नीटच लिहून काढू, अजून चार जणांना उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट. ही वस्तू संपत चाललीय असं गेली दहा वर्षं सगळे म्हणतायत आणि ते काही खोटं नाहीये. अ‍ॅपलने आयपॉड क्लासिक 2014 ला बंद केला, तेव्हा टिम कुकने कारण काय दिलं तर त्याचे पार्टच आता कुठे मिळत नाहीत. आयपॉडचेच छोटे भाऊ नॅनो आणि शफल 2017 ला गेले, शेवटचा टच मे 2022 ला. मायक्रोसॉफ्टचा झून 2006 ला आला आणि 2011 ला गाशा गुंडाळून गेलासुद्धा. पण दुसरीकडे सोनी अजूनही वॉकमन नावाने प्लेअर काढतेच (1979 चा कॅसेटवाला नव्हे, आताच्या बहुतेकांत अँड्रॉइड असतं), चीनमधल्या फियो, हायबी, शॅनलिंग आहेत, कोरियाची अ‍ॅस्टेल अँड कर्न आहे, तिच्या किमती मात्र बघायच्या आणि पुढे जायचं. म्हणजे धंदा चालू आहे पण छोटा, आणि छोट्या धंद्याला कुठूनही धक्का बसतो. ऑक्टोबर 2020 ला जपानात नोबेओका गावी एकेएम कंपनीच्या फॅक्टरीला आग लागली, ही कंपनी डॅक चिप बनवायची, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, तर त्या एका आगीमुळे कित्येक प्लेअरवाल्यांना दुसऱ्या कंपनीची चिप घालून डिझाइन बदलावं लागलं.

म्हणून माझा नियम असा, प्लेअर घेतानाच तीन गोष्टी होणार असं धरायचं: कंपनी जाणार, अ‍ॅप चालायचं बंद होणार, बॅटरी मरणार. हे तिन्ही झाल्यावरसुद्धा गाणं वाजलं पाहिजे. सगळी निवड याच चाळणीतून करायची.

पहिला प्रश्न अँड्रॉइडवाला की साधा. अँड्रॉइडवाल्यात स्ट्रीमिंगची अ‍ॅप टाकता येतात म्हणून लोक भुलतात, पण त्यातलं अँड्रॉइड बहुतेक वेळा जिथल्या तिथे अडकून बसतं, फोनसारखे अपडेट त्याला येत नाहीत, आणि काही वर्षांनी स्ट्रीमिंगचं अ‍ॅपच म्हणतं तुमची सिस्टीम जुनी झाली, नमस्कार. मग राहतो तो कार्डावरच्या फाइल वाजवणारा प्लेअर, जो तुम्हाला अर्ध्या पैशात मिळाला असता. आणि अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेली गाणी आपली असतात हा पण गैरसमज आहे, स्पॉटिफायची ऑफलाइन गाणी चालू ठेवायला 30 दिवसांत एकदा तरी ऑनलाइन येऊन तोंड दाखवावं लागतं आणि प्रीमियम संपलं की ती गेली. कसारा घाटात रेंज नसताना चालेल, पण दहा वर्षांनी कपाटातून काढल्यावर नाही चालणार. अँड्रॉइडवालाच घ्यायचा असेल तर एवढं बघा की वायफाय बंद ठेवून, कुठेही लॉगिन न करता त्याचा स्वतःचा प्लेअर सगळं वाजवतो का. भाच्याला मी साधाच घे म्हटलं, त्याला तसंही नेटपासूनच लांब पळायचंय.

दुकानात किंवा ऑनलाइन बघताना काय तपासायचं ते सांगतो. मेमरी कार्डाची खाच हवीच, नुसती आतली मेमरी असेल तर नको. साधा 3.5 एमएमचा जॅक हवा. गाणं पुढेमागे करायला खरीखुरी बटणं हवीत, खिशात हात घालून न बघता दाबता आली पाहिजेत, लोकलच्या गर्दीत उभं राहून टचस्क्रीन चालवून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. कॉम्प्युटरला जोडल्यावर तो पेन ड्राइव्हसारखा दिसला पाहिजे, कंपनीचं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय गाणी भरता येत नसतील तर तो कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या, कारण कंपनीबरोबर ते सॉफ्टवेअरही जाणार. आणि घेण्याआधी त्या मॉडेलचं झाकण उघडून बॅटरी बदलल्याचा एखादा व्हिडिओ सापडतो का बघा. सापडला तर समजा कोणीतरी हे केलंय आणि पुढे आपल्यालाही जमेल.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी अजून दोन गोष्टी. एक म्हणजे रिझ्यूम, पन्नास मिनिटांचा ख्याल अर्ध्यावर सोडून प्लेअर बंद केला तर चालू केल्यावर तिथूनच सुरू झाला पाहिजे, नाहीतर रोज तेच आलाप ऐकत बसाल. दुसरं म्हणजे गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकच्या मध्ये खंड न पडणं, मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक पाडलेले असतात आणि मध्ये प्लेअरने अर्धा सेकंद गप्प बसून घेतलं की तबल्याचा ठेका मोडतो, फार चीड येते.

आणि मराठी. स्वस्त प्लेअरवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, किंवा अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलत्याच बाजूला जाते. माझी पद्धत अशी की एका कार्डावर दोन-तीन गाणी टाकून त्यातल्या एका फाइलचं नाव विठ्ठल असं ठेवायचं आणि ते कार्ड खिशात घालून दुकानात जायचं. या एका शब्दात पहिली वेलांटी पण आहे आणि ठ्ठ पण आहे. विठ्ठल नीट दिसला तर बाकी सगळं दिसतं. नसेल दिसत आणि प्लेअर बाकी चांगला असेल तर फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवायची, पण मग सगळीच रोमन, अर्धी इकडे अर्धी तिकडे केली की काही सापडत नाही.

कार्ड घेताना एक सांगतो, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, वर 512 जीबी लिहिलेलं असतं आणि आत 32 निघतात. गंमत म्हणजे कॉम्प्युटरही 512 च दाखवतो, तुम्ही गाणी भरत जाता आणि मागची खराब होत जातात. नवीन कार्ड आणलं की आधी एच2टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून पूर्ण कार्ड भरून तपासा, वेळ लागतो, रात्री लावून झोपा. जुने प्लेअर एक्सफॅट (कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत) वाचत नाहीत, त्यांना फॅट32 लागतं, आणि बऱ्याच विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत 32 जीबीच्या वर तो पर्यायच दिसत नाही, तेव्हा रुफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरा. साइज किती घ्यायची तर 320 केबीपीएसची एमपी3 मिनिटाला साधारण 2.4 एमबी खाते, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं 12 एमबी, 128 जीबीत अशी दहाएक हजार बसतात. एवढी गाणी कोण ऐकतं देव जाणे.

आता खरं काम, फाइल. इथे मी एकदा चांगलाच फसलोय. वीसेक वर्षांपूर्वी हार्ड डिस्क छोटी होती म्हणून घरातल्या सगळ्या सीडी 128 केबीपीएसच्या एमपी3 करून ठेवल्या आणि सीडी देऊन टाकल्या. आता त्यातल्या कित्येक कुठेच मिळत नाहीत, मुंबईचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान पण 2016 ला बंद झालं, आणि माझ्याकडे तंबोऱ्याचा खळखळाट झालेल्या फाइली उरल्यात. तेव्हा सीडी कॉपी करायची तर एकदाच आणि फ्लॅकमध्ये करा. फ्लॅकमध्ये काहीच फेकलं जात नाही, नुसतं घडी घालून ठेवल्यासारखं, सीडीवर मिनिटाला 10 एमबी लागतात ते अर्ध्याच्या आसपास येतं. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवाला बाहेरचा घ्या, सॉफ्टवेअर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फ्री-एसी, दोन्ही फुकट. फ्लॅक घरच्या डिस्कवर ठेवायचं आणि प्लेअरसाठी त्यातून एमपी3 काढायच्या. एमपी3 चं पेटंट लायसन्सिंग जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने 2017 मध्येच बंद केलं, म्हणजे उद्या कोणीही फुकट प्लेअर बनवला तरी तो एमपी3 वाजवणारच, या फॉरमॅटची काळजी नको.

कॅसेट असतील तर त्यांचं बघा, कारण त्या थांबणार नाहीत. वॉकमन किंवा डेकच्या आउटमधून वायर घेऊन यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डबीत, घाला (लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, ते बहुतेक मोनो असतं आणि आवाज फाटतो), ऑडॅसिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतातच, शॉर्टकट नाही, बसून ऐका. नवीन काही विकत घ्यायचं असेल तर बँडकॅम्प नावाच्या साइटवर बरेच कलाकार थेट फ्लॅक देतात, ती फाइल मग तुमची.

टॅगचं (फाइलच्या आत लिहिलेली गाणं, गायक, अल्बम ही नावं) काम कंटाळवाणं आहे पण ते नाही केलं तर प्लेअर म्हणजे अडगळीची खोली. आपल्याकडे एकाच माणसाची नावं किती, भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेनजी, शिवाय इंग्रजीत अजून दोन, आणि प्लेअरला ही पाच वेगळी माणसं वाटतात. एमपी3टॅग नावाचं सॉफ्टवेअर घ्या, एक रविवार काढा, प्रत्येकाचं एकच नाव ठरवा, पंडित आणि उस्ताद सगळे काढून टाका, आदर मनात ठेवा. शास्त्रीयसाठी मी अल्बमच्या जागी रागाचं नाव लिहितो, त्यामुळे संध्याकाळी मारवा उघडला की सगळ्यांचा मारवा एका खाली एक येतो, हे सुख फोनवर कधी मिळालं नव्हतं. त्याच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आयडी3 (एमपी3 मध्ये टॅग लिहायची पद्धत) व्हर्जन 2.3, यूटीएफ-16 निवडा, 2.4 बऱ्याच जुन्या प्लेअरना वाचता येत नाही. फाइलच्या नावापुढे नंबर देताना 01, 02 असा द्या, नुसता 1, 2 दिला की 1 नंतर 10 वाजतं. काही स्वस्त प्लेअर तर नावही बघत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केलं त्या क्रमाने वाजवतात, त्यांच्यासाठी फॅटसॉर्टरसारखं सॉफ्टवेअर लागतं. मॅकवाल्यांनो, तुमचं मशीन प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक लपलेली फाइल टाकतं, प्लेअरवर ती गाणं म्हणून दिसते आणि वाजत नाही, ती उडवा.

हाय-रेझच्या, म्हणजे सीडीहून बारीक आवाज वाजवतो असं सांगणाऱ्या, स्टिकरला मी फार भाव देत नाही. 16 बिट 44.1 म्हणजे सीडीची क्वालिटी कानाला पुरते, उरलेले पैसे इयरफोनवर घाला.

घरात जुना आयपॉड पडला असेल तर नवीन घेण्याआधी तो उघडायचा विचार करा. 2005 पासूनचा पाचव्या पिढीचा आयपॉड असेल तर नशीबवान आहात, त्यातली 1.8 इंची हार्ड डिस्क काढून आयफ्लॅश नावाचा अ‍ॅडाप्टर आणि एसडी कार्ड बसवता येतं, बॅटरी पण बदलते. नंतरचा धातूच्या अंगाचा क्लासिक मात्र उघडायला महाकठीण, पाठ वाकल्याशिवाय निघत नाही, आयपॉडची म्हणतोय, पण तुमचीही. प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको. भीती वाटत असेल तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोणीतरी करून देतं, पण आधीचं काम दाखवा म्हणा. मग त्यात रॉकबॉक्स टाका, लोकांनी मिळून बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, 2001 च्या आसपास आर्कोसच्या प्लेअरसाठी सुरू झालेलं आणि अजून चालू, बनवणाऱ्या कंपन्यांना मागे टाकून. आयट्यून्स या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरची कटकट संपते, फोल्डर ओढून टाकला की झालं. एकच, आयपॉड मॅकवर फॉरमॅट केलेला असेल तर रॉकबॉक्स चालत नाही, आधी विंडोजवर रिस्टोअर करून घ्या, माझी यात एक अख्खी संध्याकाळ गेलीय. देवनागरी जोडाक्षरं माझ्या रॉकबॉक्सवर तुटकीच दिसतात, मी सवय करून घेतली.

बॅटरीचं शेवटी सांगतोय पण महत्त्वाचं आहे. माझा एक प्लेअर तीन वर्षं ड्रॉवरमध्ये होता, काढला तर स्क्रीन पापडासारखा वर आलेला. बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी थोडा चार्ज द्या. फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू तर मुळीच नका, कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आणि फ्लॅकच्या डिस्कच्या दोन प्रती करा, माझी दुसरी साताऱ्याला भावाकडे असते, गणपतीला गेलो की नवीन गाणी भरून येतो.

भाच्याने शेवटी बटणांचा छोटा प्लेअर घेतला, विठ्ठलाची परीक्षा घेऊनच. परवा त्याचा फोन, मामा पहिल्या गाण्यानंतर डायरेक्ट दहावंच लागतंय. म्हटलं शून्य लाव.