पावसाआधीची तयारी : कोरडवाहू कुटुंबासाठी चार-पाच शेळ्यांचा जोडधंदा

मराठवाड्यातील कोरडवाहू कुटुंबाचे वर्षाचे गणित सोयाबीन आणि तुरीवर बसलेले असते, आणि ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली किंवा काढणीच्या तोंडावर पाऊस कोसळला की ते विस्कटते. अशा घराने दुसरा आधार म्हणून चार-पाच उस्मानाबादी शेळ्या पाळाव्यात. धाराशिव, लातूर, सोलापूर भागातली ही जात कोरड्या हवामानाला सरावलेली असून जुळ्या करडांसाठी ओळखली जाते. शेळी साधारण 150 दिवस गाभण राहते आणि सांभाळ चांगला असल्यास दोन वर्षांत तीन वेते मिळतात. मात्र काही करडे दगावणार, हे हिशेबात आधीच धरावे. सुरुवातीलाच पन्नास शेळ्यांसाठी कर्ज काढू नये, कारण सगळा चारा विकत आणावा लागला तर हा धंदा क्वचितच परवडतो.

बकरी ईदच्या आधी बाजारात दर चढलेले असतात, म्हणून खरेदी त्यानंतर करावी. एक-दोन वेते झालेली, कास निरोगी असलेली शेळी शक्यतो ओळखीच्या घरातून घ्यावी आणि आणल्यावर तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळी बांधावी. बोकड त्या शेळ्यांच्या रक्ताच्या नात्यातला नसावा.

लसीकरणात चालढकल अजिबात करू नये. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस पाऊस सुरू होण्याआधी दरवर्षी टोचावी लागते, कारण पहिल्या पावसानंतरचे कोवळे, लुसलुशीत गवत अधाशीपणे खाल्ल्यावर धडधाकट दिसणारे करडू एका रात्रीत मरते, आणि त्या वेळी उपचाराला अवधीच उरत नाही. लस पहिल्यांदाच देत असल्यास दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची) लस तीन महिन्यांवरील करडांना द्यावी. जंतनाशक पशुवैद्यकाला विचारूनच पाजावे. काही औषधांनी गाभण शेळीच्या पोटातल्या पिलाला अपाय होतो.

मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा आणि किलोभर वाळला चारा लागतो. तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट शेतात जाळू नये, कोरड्या जागी साठवावे. उन्हाळ्यात त्यावरच कळप निभावतो. पहिल्या पावसात बांधावर शेवरी, हादगा आणि सुबाभूळ लावावी, परंतु एकट्या सुबाभळीवर शेळ्या ठेवू नयेत, रोजच्या चाऱ्यात तिचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आतच असावे. ज्वारीचे कोवळे पोंगे, विशेषतः पावसाने ताण दिलेल्या पिकातले, विषारी असतात. किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागून शेळी तासाभरातही दगावते.

पावसाळ्यात गोठ्याची जमीन उंच आणि कोरडी हवी, दर शेळीमागे किमान दहा चौरस फूट जागा असावी. ओल्यात उभ्या राहिलेल्या शेळ्यांचे खूर सडतात आणि करडांना फुप्फुसदाह होतो. करडू जन्मल्यावर पहिल्या तासातच त्याला चीक पाजावा.

बोकड नजरेच्या अंदाजावर न विकता वजनकाट्यावर तोलून विकावा. बहुतेक घरांत शेळ्यांमागे दिवसभर बाईच राबते, तेव्हा विक्रीचे पैसे तिच्या नावाच्या बँक खात्यात जमा करावेत आणि त्यांतून पुढच्या वर्षीच्या लसीचा व विम्याचा खर्च आधी बाजूला ठेवावा.