यूट्यूबर, पॉडकास्टर आणि रीलवाल्यांचा मोकळा मेळावा कसा भरवावा

आज कुठल्याही तालुक्यात शेतीचे व्हिडिओ करणारे आहेत, रेसिपीचे चॅनेल चालवणाऱ्या बायका आहेत, अहिराणीत नाहीतर मालवणीत रील करणारी पोरं आहेत. एकमेकांचं काम ही मंडळी मोबाईलवर बघतात, पण समोरासमोर क्वचितच बसतात. त्यांना एकत्र आणायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच स्टेज, हारतुरे आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण ठरतं. हे सगळं टाळून भरवता येणारा मेळावा म्हणजे बारकॅम्प.

पहिला बारकॅम्प ऑगस्ट 2005 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे झाला. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांचे प्रकाशक टिम ओ'रायली यांच्या 'फू कॅम्प' या मेळाव्याला फक्त निमंत्रितांनाच प्रवेश असे, म्हणून काही उत्साही लोकांनी कोणालाही येता येईल असा मेळावा आठवड्याभरात उभा केला. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या पॉडकास्टवाल्यांनी त्याच धर्तीवर पॉडकॅम्प भरवला. बारकॅम्प पुण्यातही झाले आहेत. यात वक्ते आधी ठरत नाहीत. दिवसभरात काय व्हायचं ते सकाळी जमलेली माणसंच ठरवतात.

बोलावणं

'सर्वांचे स्वागत आहे' असं पोस्टरवर छापलं तर आपल्यासारखेच लोक येतात. म्हणून आयोजकांची टोळीच मिसळीची करा: पाच जण, पाच वेगळ्या वर्तुळांतले. एखादी बचत गटातली ताई, एखादा कॉलेजचा विद्यार्थी, एखादा शाहीर किंवा कीर्तनाचं चॅनेल चालवणारा. प्रत्येकाने दहा-दहा जणांना स्वतः फोन करावा. जवळपास कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आसपासच्या लोकांसाठीचं छोटं रेडिओ केंद्र, असेल तर तिथल्या माणसांना आवर्जून बोलवा. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा पुणे विद्यापीठाची विद्यावाणी इथे काम करणाऱ्यांना आवाजाची जी जाण असते, ती व्हिडिओवाल्यांना फार उपयोगी पडते.

तारीख आणि जागा

माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत शेतकरी येणार नाही. बीडकडचे ऊसतोड मजूर हंगामात चार-पाच महिने गावातच नसतात, आणि त्यांच्यातही रील करणारे आहेत. परीक्षा, रोजे, वारी यांच्या तारखा बघून घ्या. वेळ साडेदहा ते चार ठेवा, म्हणजे बायकांना घरचं आवरून येता येईल आणि लांबच्यांना परतीची एसटी मिळेल. जागा तळमजल्यावर हवी, पायऱ्यांना उतार हवा, स्वच्छतागृह चालू हवं. वाचनालय किंवा शाळेचे दोन-तीन वर्ग पुरतात. मंदिर, मशीद किंवा पक्ष कार्यालयाची जागा फुकट मिळाली तरी घेऊ नका. काही लोक दारातूनच परततील. लहान मुलांसाठी एक सतरंजी आणि एक सांभाळणारं माणूस ठेवलं की कितीतरी आया निवांत बसतात.

भिंतीवरचा तक्ता

हा मेळाव्याचा जीव आहे. मोठा कागद भिंतीला चिकटवा. तीन खोल्यांचे तीन रकाने, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच वेळा, मधे दहा मिनिटं मोकळी. म्हणजे पंधरा घरं, सगळी रिकामी. एक घर म्हणजे एक सत्र. आधी प्रत्येकाने उभं राहून नाव, गाव आणि स्वतःविषयी फक्त तीन शब्द सांगायचे. मग कार्ड आणि स्केचपेन वाटा. ज्याला जे सांगायचं किंवा विचारायचं आहे, ते लिहून त्याने रिकाम्या घरात लावायचं.

सुरुवातीला कोणी उठत नाही. घाईने स्वतःचीच कार्डं लावू नका, थांबा. 'शेतात वाऱ्याचा आवाज न येता रेकॉर्डिंग कसं करायचं?' असं एखादं साधं कार्ड लागलं की बाकीच्यांचा संकोच सुटतो. माहीत नाही म्हणून विचारणारं कार्डही चालतं, हे मोठ्याने सांगा. वाऱ्याच्या त्या प्रश्नावर कोणी कॉलर माइकला स्पंज लावून दाखवेल, कोणी माइक शर्टाच्या आत कसा लपवायचा ते सांगेल, आणि अर्धा तास कधी संपला ते कळणार नाही.

पहिल्यांदा येणाऱ्याने सत्र घेतलंच पाहिजे, असा बारकॅम्पचा एक जुना नियम आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा लावू नये. बुजऱ्या माणसाला जोडीदार द्या. दोघींनी मिळून घेतलेली सत्रं छान रंगतात.

दोन नियम मात्र पाळा

पहिला हॅरिसन ओवेन यांच्या 'ओपन स्पेस' या, कार्यक्रम आधी न ठरवता सभा घेण्याच्या पद्धतीतला: जिथे आपण शिकतही नाही आणि भरही घालत नाही, तिथून उठून दुसऱ्या खोलीत जायचं. कोणी उठून गेलं तर तो अपमान समजायचा नाही.

दुसरा फोटोचा. कितीतरी बायका चेहरा न दाखवता चॅनेल चालवतात, घरच्यांना माहीत नसतं. दारातच लाल फीत ठेवा. ज्याने ती मनगटावर बांधली, त्याचा फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही. हे सुरुवातीला आणि जेवणानंतर पुन्हा सांगा.

खर्च जेवण, चहा आणि कागदाचा. वर्गणीची पेटी ठेवा, पण देणाऱ्यांची नावं वाचू नका.

निघण्याआधी गोल बसा. पुढची भेट कोणत्या गावी, यजमान कोण, हे तिथेच ठरवा. यजमान या पाच आयोजकांपैकी नसावा. तक्त्याचा फोटो आणि प्रत्येक सत्राच्या चार ओळी दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, आणि ज्यांना वाचणं अवघड जातं त्यांच्यासाठी त्याच ओळी बोलून पाठवा.