वाळणारी तेले: रंगात आणि लाकडावर ती कशी वापरावीत

काचेच्या एका पट्टीवर जवसाच्या तेलाचा थेंब बोटाने पातळ पसरवावा, शेजारी शेंगदाण्याच्या तेलाचा तसाच थेंब पसरवावा आणि ती पट्टी उजेडाच्या, हवेशीर जागी ठेवून द्यावी. काही दिवसांनी जवसाच्या तेलावर बोट टेकवले तर ते किंचित धरून ठेवल्यासारखे वाटते. आणखी काही दिवसांनी तिथे तेल उरतच नाही, तर काचेला घट्ट बसलेला एक पिवळसर, पारदर्शक, लवचिक पापुद्रा दिसतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसले तरी तो पुन्हा तेल होऊन सुटत नाही. शेंगदाण्याचे तेल मात्र महिन्याभरानंतरही तेलच राहते. तेल हाताळणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा तरी स्वतः करावा असे मला मनापासून वाटते, कारण पुढचे जवळजवळ सगळे नियम त्या पट्टीवरच दिसतात.

ओले कापड वाळते ते त्यातले पाणी उडून जाते म्हणून. तेल मात्र काही उडून गेल्यामुळे वाळत नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन आत घेते, आणि वाळताना जवसाच्या पातळ थराचे वजन एका टप्प्यावर 10 टक्क्यांहून अधिक वाढलेले असते. तेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्यांमध्ये जिथे दुहेरी बंध असतात तिथे ऑक्सिजन शिरकाव करतो, शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि शेवटी सगळ्या थराचे एकसंध जाळे तयार होते. ही क्रिया उलटी फिरत नाही आणि ती घडताना उष्णता बाहेर पडते. म्हणून तेलाला हवा, उजेड, ऊब आणि वेळ या चार गोष्टी लागतात, आणि थर इतका पातळ असावा लागतो की त्याच्या तळापर्यंत हवा पोहोचेल. थंडीत, दमट हवेत किंवा बंद खोलीत तेल रेंगाळते ते याच कारणाने.

कोणते तेल वाळेल याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून येतो. 100 ग्रॅम तेल जितके ग्रॅम आयोडीन शोषते तो आकडा म्हणजे आयोडीन मूल्य, आणि तो दुहेरी बंधांचे प्रमाण दाखवतो. साधारण 130 च्या वरची तेले वाळणारी मानतात. जवसाचे मूल्य 170 ते 200 च्या दरम्यान असते, अक्रोडाचे 140 ते 160, सोयाबीनचे 120 ते 140, शेंगदाण्याचे 85 ते 105 आणि खोबरेल तेलाचे अवघे 10 च्या आसपास. सोयाबीनसारखी मधली तेले अर्धवट वाळतात आणि दीर्घकाळ चिकट राहतात, म्हणून ती नुसती लाकडाला लावू नयेत.

जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते आणि त्यात तीन दुहेरी बंध असतात. हे तेल लवकर वाळते आणि त्याचा थर चिवट असतो, पण काळाबरोबर, विशेषतः अंधारात, ते पिवळे पडते. तीच वस्तू पुन्हा उजेडात ठेवली तर तो पिवळेपणा बराचसा कमी होतो. अक्रोड, खसखस आणि करडई यांची तेले सावकाश वाळतात व थोडा मऊ थर देतात, पण पिवळी कमी पडतात, म्हणून चित्रकार पांढऱ्या आणि निळ्या रंगांसाठी त्यांना पसंती देतात. टंग तेल मूळचे चीनमधल्या एका झाडाच्या बियांचे. त्यातल्या मेदाम्लाचे दुहेरी बंध एकाआड एक अशा ओळीत असल्यामुळे त्याचा थर जवसापेक्षा दाट विणीचा होतो आणि पाण्याला अधिक चांगले तोंड देतो.

स्वयंपाकाच्या बाटलीतले तेल वापरू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. करडई आणि सूर्यफुलाचे काही वाण मुद्दाम ओलेइक आम्ल (ज्यात एकच दुहेरी बंध असतो) जास्त असावे असे तयार केलेले आहेत, आणि त्यांचे तेल वाळत नाही. शिवाय खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून त्यात अनेकदा ऑक्सिजनला अडवणारे पदार्थ घातलेले असतात. जे तेल खवट होत नाही ते वाळतही नाही, कारण दोन्हींच्या मुळाशी हवेतला ऑक्सिजनच असतो. शंका असेल तेव्हा काचेच्या पट्टीवर थेंब पसरवून पाहावा, मगच वस्तूला हात लावावा.

कच्चे, उकळलेले आणि घट्ट केलेले तेल

कच्चे जवसाचे तेल म्हणजे केवळ गाळलेले, स्वच्छ केलेले तेल. लाकडात ते खोल मुरते, पण एका हातानंतर दुसरा हात देण्यास आठवडाभर थांबावे लागू शकते. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते उकळलेले तेल नावाला उकळलेले असले तरी आज बहुतेक वेळा कच्च्या तेलात धातूंची संयुगे असलेले शुष्कक, म्हणजे वाळण्याचा वेग वाढवणारे ड्रायर, मिसळून तयार होते. कोबाल्ट वरचा पृष्ठभाग लवकर धरायला लावतो, झिर्कोनियम आणि कॅल्शियम थराच्या आतपर्यंत वाळण्यास मदत करतात. पूर्वी या कामी शिसे वापरत. ते विषारी आहे, म्हणून जुन्या तेलरंगाचे थर कोरडे घासून त्याची धूळ उडवू नये. ड्रायर स्वतः मिसळायचा असेल तर हात आखडता ठेवावा, कारण तो जास्त झाला की वर साय धरते, खालचे तेल ओलेच राहते आणि काही दिवसांत थराला सुरकुत्या पडतात.

तिसरा प्रकार स्टँड ऑइल. हवा लागू न देता तेल साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्याच्या साखळ्या उष्णतेनेच आपसात जोडल्या जातात आणि तेल मधासारखे दाट होते. ते सावकाश वाळते, पण ब्रशच्या रेघा आपोआप मिटवते व कमी पिवळे पडते. घरी तेल तापवण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये, कारण त्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते.

तेलरंग तयार करताना

तेलात रंगद्रव्य बांधण्याची रीत फार जुनी आहे. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या लेण्यांमधल्या, सुमारे सातव्या शतकातल्या काही भित्तिचित्रांत वाळणारे तेल सापडले आहे. कृतीही मुळात तीच राहिली आहे. गुळगुळीत काचेवर रंगाच्या भुकटीचा ढीग करून मधोमध खळगा करावा, त्यात थोडे थोडे तेल घालून पट्टीच्या सुरीने घट्ट मळावे आणि मग काचेच्या वरवंट्याने गोलाकार घोटत राहावे. घोटताना सुरुवातीला जाणवणारी खरखर हळूहळू नाहीशी होते आणि कोरडा वाटणारा गोळा तेल न वाढवताही मऊ, चकचकीत होतो. तिथेच थांबावे. घाईने तेल वाढवले तर रंग पातळ होतो, पुढे पिवळा पडतो आणि त्याला सुरकुत्या पडतात.

प्रत्येक रंगद्रव्याची तेलाची भूक वेगळी असते. काजळी आपल्या वजनाहूनही जास्त तेल पिऊ शकते, तर जड भुकट्यांना थोडक्यात भागते. वाळण्याचा वेगही रंगागणिक बदलतो: अंबर नावाच्या तपकिरी मातीत मँगनीज असल्यामुळे तो रंग लवकर वाळतो, काजळीचा काळा मात्र दिवसेंदिवस ओला राहतो. म्हणूनच खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त असावे हा नियम पाळावा लागतो. तेलकट थर सावकाश वाळतो आणि वाळताना बराच काळ हलत राहतो. त्याच्यावर लवकर वाळणारा, कमी तेलाचा थर दिला तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि वरच्याला भेगा जातात. भिंत, दार किंवा चित्र काहीही असो, पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करावा आणि पुढच्या प्रत्येक हातात टर्पेंटाइन कमी करत जावे. कापडावर चित्र काढणाऱ्यांनी तेल थेट धाग्यांना लागू देऊ नये. वाळताना तयार होणाऱ्या आम्लांनी धागे ठिसूळ होतात, म्हणून आधी सरसाचा किंवा तत्सम लेप आणि त्यावर अस्तर देणे आवश्यक आहे.

तेलात राळ शिजवली की व्हार्निश होते. तेल जास्त असलेले व्हार्निश लवचिक राहते, म्हणून ते बाहेरच्या लाकडासाठी योग्य. राळ जास्त असलेले कडक व चकचकीत असते आणि ते घरातल्या सामानाला शोभते.

लाकडाला तेल देताना

लाकडावर तेलाचे काम सोपे आहे, पण ते घाईच्या माणसाचे नाही. 120, मग 180 आणि शेवटी 220 नंबरच्या पॉलिश पेपरने लाकूड रेषांच्या दिशेने घासावे आणि सगळी धूळ पुसून घ्यावी. सागवान, शिसव यांसारख्या लाकडांत स्वतःचे नैसर्गिक पदार्थ असतात आणि ते तेलाला वाळू देत नाहीत. शिसवाच्या बाबतीत हे फारच जाणवते. अशा लाकडाचा पृष्ठभाग टर्पेंटाइन किंवा थिनरने पुसून, तो उडून जाताच पहिला हात द्यावा, आणि त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी चाचणी घेतलेली बरी.

पहिल्या हातासाठी तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घ्यावे. फडक्याने किंवा ब्रशने सढळ लावावे, जिथे लाकूड तेल पिऊन कोरडे दिसेल तिथे पुन्हा लावावे आणि 15 ते 30 मिनिटांनंतर वर राहिलेले सगळे तेल स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसून काढावे. पृष्ठभागावर हात फिरवला तर तळव्याला ओल लागता कामा नये. या कामात सर्वाधिक चुका या पुसण्याच्या पायरीवरच होतात. मी एका मेजाच्या फळीला पहिल्यांदा तेल दिले तेव्हा थर जाड असला तर संरक्षणही जास्त मिळेल अशा समजुतीने ते न पुसता सोडले होते. तीन आठवड्यांनीही त्या फळीवर ठेवलेला कागद चिकटत होता आणि शेवटी सगळा थर टर्पेंटाइनने व पॉलिश पेपरने उतरवावा लागला. लाकडाचे रक्षण त्याच्या आत मुरलेले तेल करते. वर राहिलेले तेल फक्त धूळ धरते.

उकळलेल्या तेलाचा दुसरा हात दुसऱ्या दिवशी देता येतो, टंग तेलाला एक-दोन दिवस आणि कच्च्या जवसाला अनेक दिवस द्यावेत. दिवसांच्या मोजणीपेक्षा बोटाच्या स्पर्शावर विश्वास ठेवावा. तीन ते पाच हात पुरतात आणि प्रत्येक हाताच्या आधी 320 नंबरचा पेपर हलकेच फिरवावा. वस्तू स्पर्शाला कोरडी लागली तरी थर पूर्ण पक्का व्हायला साधारण महिना लागतो, तोवर तिच्यावर ओले किंवा गरम भांडे ठेवू नये. कपाटाच्या आतल्या बाजूला आणि खणांना वाळणारे तेल लावूच नये असे माझे मत आहे, कारण तिथे हवा खेळत नाही आणि तेलाचा वास कपड्यांत बसतो. खाण्याच्या भांड्यांना व पोळपाटाला ड्रायर नसलेले शुद्ध जवस किंवा टंग तेल वापरावे आणि ते पूर्ण वाळेपर्यंत धीर धरावा. अक्रोडाचे तेल ज्यांना त्या फळाची ॲलर्जी आहे त्यांच्या वस्तूंसाठी टाळावे.

अधिक टिकाऊ थर हवा असेल तर तेल, तेलाचे व्हार्निश आणि टर्पेंटाइन समान भाग मिसळून त्याच पद्धतीने लावावे व पुसावे. रोजच्या वापरातल्या मेजासाठी मी हेच मिश्रण निवडतो, कारण नुसते जवसाचे तेल पाण्याला फार काळ अडवू शकत नाही, आणि बाहेर उघड्यावर त्याच्यावर बुरशीही चटकन धरते.

तेलाच्या चिंध्या

ही सूचना कोणीही वगळू नये. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते हे वर सांगितले. फळीवर ती हवेत निघून जाते. चुरगळलेल्या चिंधीत मात्र तेल खूप मोठ्या पृष्ठभागावर पसरलेले असते आणि घड्यांमुळे उष्णता बाहेर पडत नाही. तापमान वाढले की वाळण्याचा वेग वाढतो, त्याने आणखी उष्णता निर्माण होते आणि काही तासांत चिंधी ठिणगीशिवाय पेट घेऊ शकते. फेब्रुवारी 1991 मध्ये फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला लागलेली आग 22 व्या मजल्यावर ठेवलेल्या जवसाच्या तेलाच्या चिंध्यांतून सुरू झाली होती आणि तीत अग्निशमन दलाच्या तीन जवानांचे प्राण गेले.

काम संपताच प्रत्येक फडके उलगडून, एकावर एक न येऊ देता, उघड्यावर दोरीवर किंवा दगडी कठड्यावर पसरावे. ते पुठ्ठ्यासारखे कडक झाले की धोका संपतो. तसे करण्यास जागा नसेल तर फडकी पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात पूर्ण बुडवून ठेवावीत. ती कचऱ्याच्या डब्यात, पिशवीत किंवा लाकडाच्या भुशाजवळ रात्रभर राहू देऊ नयेत. हा धोका वाळणाऱ्या तेलाचा आहे, त्यामुळे टर्पेंटाइन न घातलेल्या शुद्ध तेलाच्या फडक्यांनाही हीच काळजी लागू आहे.

साठवण आणि देखभाल

डब्यात हवा जितकी कमी तितके तेल टिकते. अर्धी बाटली उरली की तेल लहान बाटलीत ओतावे किंवा त्याच बाटलीत काचेच्या गोट्या टाकून तेलाची पातळी बुचापर्यंत आणावी. साय धरलीच तर ती ढवळून आत मिसळू नये, अखंड उचलून काढावी आणि खालचे तेल गाळून घ्यावे.

तेल दिलेल्या लाकडाला नवे तेल कधी लागेल हे पाण्याच्या थेंबावरून कळते. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर थर शाबूत आहे. तो पसरून लाकडाचा रंग गडद होऊ लागला तर तेवढी जागा वाळू द्यावी, 320 च्या पेपरने हलकेच घासावी आणि पातळ हात देऊन पुसून घ्यावी. व्हार्निशचा वरचा थर सोलला गेला की बहुधा संपूर्ण फळी उतरवावी लागते. तेलाच्या फळीवर मात्र झिजलेल्या जागेपुरतीच दुरुस्ती करता येते, आणि काही दिवसांत ती भोवतालच्या रंगात मिसळून जाते.