जाळीच्या कपाटाला नवा रंग: माझा अनुभव

दुभतं ठेवायचं आईचं जाळीचं कपाट अस्सल सागवानी, पण त्यावर ऑइल पेंटचे थरावर थर. खाली पोपटी, वर करडा, सगळ्यात वर चॉकलेटी.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, याचा विचार आधी करावा. घरगुती रंगांत शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. म्हणून कोरडं घासलंच नाही. वॉटर पेपर (पाण्यात चालणारा सँडपेपर) पाण्यात बुडवून घासला, तोंडाला एन-95 मास्क, खाली प्लास्टिक, आणि पोरांना गॅलरीत बंदी. लाकूड भिजत ठेवू नये, लगेच पुसावं.

घासण्याआधी धुण्याच्या सोड्यानं स्वयंपाकघराचा चिकटा काढला. तेलकटपणावर कुठलाच रंग धरत नाही, मग तो कितीही महागाचा असो. सगळा रंग उतरवायचा हट्टही नको. पोपडे खरवडले, बाकी चकाकी मोडली की पुरे: आधी 120 नंबरचा पेपर, मग त्याहून बारीक 220.

पुढचं सोपं. प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात), भोकांत लांबी (पुट्टी), पुन्हा प्रायमर, मग इनॅमलचे, म्हणजे चकाकीच्या ऑइल पेंटचे, दोन पातळ हात, मध्ये 320 नंबरचा हलका पेपर. दारं बिजागऱ्यांसकट काढून आडवी ठेवली, त्यामुळे ओघळ आले नाहीत. पावसाळ्यात मात्र हे काम काढू नका, दमट हवेत ऑइल पेंट फार काळ चिकट राहतो. हाताला कोरडा लागला तरी आतून कच्चा असतो. दारं लगेच बंद केली तर चौकटीला चिकटतात. जाळी नवीन स्टीलची ठोकली, तीही सगळ्यात शेवटी.